वाचकांचे प्रश्न : क्लच प्लेट एवढ्या लवकर का जाते?

उन्हाळ कांद्याच्या खेपा सुरू झाल्या की क्लचचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचं आहे हे. या वेळी इतके आले की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि सगळी जागा क्लचलाच दिली. प्रत्येकाचं गाव वेगळं, ट्रॅक्टर वेगळा, पण वाचता वाचता एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे सगळे पार्टला दोष देतायत आणि पायाबद्दल कोणी लिहीतच नाही.

भाऊ, आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. पहिली क्लच प्लेट दोन वर्षांत गेली, दुसरी टाकून ७ महिने झाले नाहीत तर परत तेच, नांगराला लावला की रेस वाढते पण ट्रॅक्टर ओढत नाही आणि जळका वास येतो. हंगामात आठवड्याला दोन-तीन खेपा लासलगावला होतात. मिस्त्री म्हणतो प्लेट डुप्लिकेट निघाली, ड्रायव्हर म्हणतो ट्रॅक्टरच कमजोर आहे. खरं काय समजायचं? (एक शेतकरी, ता. निफाड)

दादा, प्लेट डुप्लिकेट असू शकते, नाही म्हणत नाही. पण तुम्ही लासलगावच्या खेपांचं लिहिलंय ना, माझं लक्ष तिथंच अडकलं. मार्केटच्या बाहेर लाइन लागते तेव्हा तुमचा ड्रायव्हर काय करतो ते एकदा बाजूला उभं राहून बघा. बहुतेक जण ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवतात, डावा पाय क्लचवर, पुढची ट्रॉली पाच फूट सरकली की क्लच अर्धा सोडायचा, पाच फूट जायचं, परत दाबायचा, आणि हे तासभर दोन तास चालतं.

आता आत काय होतं ते बघा. क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक) आणि स्प्रिंगनं दाबणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबून धरलेली असते. क्लच पूर्ण सोडलेला असला की तिघं मिळून एकच होऊन फिरतात, तिथं घासणं नाही म्हणजे झीजही नाही. पूर्ण दाबला की प्लेट मोकळी, तेव्हाही घासणं नाही. झीज फक्त मधल्या वेळात होते, जेव्हा इंजिन वेगानं फिरतंय, चाक अजून उभंय, आणि दोघांमधला फरक ती प्लेट घासून घासून भरून काढते. कोरडा क्लच आहे, त्याला ना तेल थंड करतं ना पाणी, जी उष्णता तयार झाली ती फ्लायव्हीलच्या लोखंडात जाते आणि बंद डब्यात अडकून राहते. मागं कांद्यानं भरलेली ट्रॉली, वर मे महिन्याचं ऊन, आणि दर मिनिटाला एकदा हाफ क्लच, प्लेटला गार व्हायला वेळच मिळत नाही.

लोकांना हे पटत नाही, म्हणतात नांगरटीत जास्त ताकद लागते मग झीज तिथं जास्त. पण नांगरताना दिवसभरात क्लच दाबला जातो फक्त वळणाला, बाकी वेळ तो पूर्ण सोडलेला असतो. नांगराला लावल्यावर क्लच स्लिप होतो कारण तिथं भार जास्त आहे म्हणून दुखणं दिसतं, पण दुखणं लागलेलं असतं मार्केटच्या लाइनीत.

तर लाइनीत करायचं असं, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय क्लचवरून काढून खाली ठेवा. पुढं दोन ट्रॉल्यांइतकी जागा होऊ द्या, मग लो पहिला गिअर टाका, रेस कमी ठेवा, क्लच पूर्ण सोडा आणि ट्रॅक्टरला त्याच्या त्याच्या चालीनं जाऊ द्या. मध्ये कोणी घुसेल ही भीती असते मला माहितीये, पण एक माणूस पुढं उभा केला तरी भागतं आणि तो माणूस प्लेटपेक्षा स्वस्त पडतो.

मागच्या महिन्यात असाच एक ट्रॅक्टर आमच्याकडं खोलला. प्लेट बाहेर काढली तर रिबेट वर आलेले, म्हणजे लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) ते बसवणाऱ्या रिबेटच्या डोक्यापर्यंत संपलेलं, फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा. प्रेशर प्लेटच्या फिंगरची (क्लच दाबल्यावर प्लेटवरचा दाब सोडवणाऱ्या पट्ट्यांची) टोकं घासून आरशासारखी चकचकीत. मालक म्हणाले ड्रायव्हर चांगला आहे हो, दहा वर्षांचा अनुभव. मी त्यांना पेडल दाखवले. ब्रेकच्या दोन्ही पेडलवरच्या रबराच्या रेषा नव्यासारख्या उठून दिसत होत्या आणि क्लचचं रबर पार गुळगुळीत, एका कोपऱ्यात तर खालचं लोखंड दिसायला लागलेलं. तो पाय दिवसभर तिथंच टेकलेला होता, रस्त्यावर सरळ चाललाय तरीसुद्धा. तुमच्या ट्रॅक्टरचं पेडल आजच बघा, दादा, मिस्त्रीला विचारायच्या आधी.

नुसता पाय टेकवला तर काय होतं असं वाटतं, पण पायाचं वजन थोडं थोडकं नसतं. पेडल थोडं जरी खाली गेलं की रिलीज बेअरिंग (पेडलनं पुढं सरकून फिंगर दाबणारं बेअरिंग) फिंगरला टेकतं आणि सतत फिरत राहतं, आणि स्प्रिंगचा प्लेटवरचा दाब तेवढा कमी होतो. रिकाम्या ट्रॅक्टरला कळत नाही, भार आला की प्लेट घसरायला लागते.

पाय जरी सुधारला तरी एक काम राहतं, ते म्हणजे पेडलची ढील, त्याला सगळे फ्री प्ले म्हणतात. हातानं पेडल दाबा, सुरुवातीला हलकं जातं आणि मग एका जागी जड लागतं, तेवढं हलकं अंतर पट्टीनं मोजा. बऱ्याच मॉडेलला हे २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतं पण नेमका आकडा तुमच्या पुस्तकात बघून घ्या. आता गंमत अशी की प्लेट झिजत जाते तसतशी ही ढील वाढत नाही, उलट कमी होते, कारण प्रेशर प्लेट पुढं सरकते आणि फिंगर मागं बेअरिंगकडं येतात. म्हणजे वर्षभर कोणी ढील बघितली नाही तर एक दिवस ती शून्य होते, मग तुम्ही पाय लावा की नका लावू, क्लच कायमचाच थोडा दाबलेला राहतो. पेडलच्या रॉडवरचे नट सैल करून दहा मिनिटांत होणारं काम आहे हे आणि ते न केल्यानं अख्खा ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, जीव तुटतो असं बघून. ढील जास्त झाली तरी वाईटच, मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर वाजतं.

आणि तिसरी प्लेट टाकायच्या आधी मिस्त्रीला एक नक्की सांगा, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील बघायला. तिथून तेल झिरपून प्लेटवर येत असेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असू द्या, प्लेट घसरणारच. फ्लायव्हीलला डाग नि भेगा असतील तर लेथवर फेस मारून (वरचा भाग सपाट करून) घ्या, भेगा खोल असल्या तर बदलाच. खडबडीत फ्लायव्हीलवर नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सात महिन्यांत दुसरी प्लेट गेली म्हणजे मला तर शंका आहे की फ्लायव्हील तेव्हा कोणी बघितलंच नसणार.

आमच्याकडे द्राक्षबागेसाठी छोटा २८ एचपी ट्रॅक्टर आहे, डबल क्लचचा. क्लच दाबला की आतून घरघर आवाज येतो, सोडला की बंद होतो. ब्लोअर चालू करताना पण झटका बसतो. बागेत तर जास्त वजन नसतं, मग हे कशानं? (द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी)

दाबल्यावर आवाज, सोडल्यावर बंद, हे बहुतेक रिलीज बेअरिंग. ते फक्त क्लच दाबल्यावरच काम करतं म्हणून तेव्हाच ओरडतं.

बागेत वजन नसतं हे तुमचं बरोबर, पण बागेत दुसरं काही असतं, ते म्हणजे वळणं. दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर, एका एकराला कितीतरी ओळी, प्रत्येक ओळीच्या टोकाला क्लच, कधी पुढं-मागं करून दोनदा-तीनदा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीनं फवारणी किती होते ते तुम्हाला मी काय सांगणार, पाऊस पडला तर सकाळ-संध्याकाळ फवारणीचा ब्लोअर चालतो. त्या दीड-दोन महिन्यांत तुमचा क्लच जेवढ्या वेळा दाबला जातो तेवढा गव्हावाल्याचा वर्षभरात दाबला जात नसेल.

डबल क्लच म्हणजे पेडल एक पण आत प्लेटा दोन. पेडल अर्ध्यापर्यंत दाबलं की चाकाची चाल सुटते आणि पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) चालू राहतो, पूर्ण दाबलं की पीटीओ पण सुटतो. हे फार सोयीचं आहे, ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबवला तरी ब्लोअर चालू राहतो. पण याच सोयीचा दुरुपयोग होतो. कोणी बोलायला आलं, फोन आला, नोझल बघायचं झालं, तर ड्रायव्हर अर्धा क्लच दाबूनच बसून राहतो पाच-पाच मिनिटं. तेवढा वेळ बेअरिंग पूर्ण दाबाखाली फिरत राहतं. आणि पाय दमला की नकळत खाली-वर होतो, खाली गेला तर पीटीओची प्लेट अर्धवट सुटून ब्लोअरच्या भाराखाली घासते, वर आला तर चाकाची प्लेट घासते. थांबायचं असेल तर गिअर न्यूट्रल करा आणि क्लच सोडून द्या, पीटीओ तसाच चालू राहील, बेअरिंगला काम नाही, प्लेटला काम नाही.

झटक्याचं कारण बहुतेक वेळा रेस. ब्लोअरचा पंखा जड असतो, थांबलेल्या पंख्याला एकदम वेगात आणायचं तर सगळा धक्का त्या पीटीओ प्लेटवर आणि जॉइंटच्या क्रॉसवर जातो. इंजिन स्लोवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, पीटीओचा लिव्हर टाका, क्लच सावकाश सोडा, पंखा फिरायला लागला की मग रेस वाढवत मीटरवर ५४० ची खूण असते तिथपर्यंत न्या. बंद करताना पण आधी रेस कमी. रोटाव्हेटरला तर हे अजून जास्त लागू, रोटाव्हेटर जमिनीतून वर उचललेला असतानाच पीटीओ चालू करायचा आणि फिरता फिरता खाली सोडायचा, मातीत रुतवून ठेवून पीटीओ टाकला की प्लेटची वाट लागलीच म्हणून समजा. आणि पाच फुटी झेपते तिथं सहा फुटी रोटाव्हेटर लावू नका, शेजाऱ्याकडं आहे म्हणून तर मुळीच नको.

काही नव्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओला वेगळा लिव्हर किंवा वेगळा क्लच येतो, त्याला इंडिपेंडंट पीटीओ म्हणतात, पुढचा ट्रॅक्टर बागेसाठीच घ्यायचा असेल तर हे जरूर बघा.

मी दोन महिन्यांपासून ट्रॅक्टर शिकते आहे. सासरे म्हणतात क्लच हळू सोड, नवरा म्हणतो इतका हळू सोडलास तर प्लेट जाळशील. मी कोणाचं ऐकू? (एक भगिनी, ता. सिन्नर)

ताई, दोघंही अर्धं अर्धं बरोबर सांगतायत. एकदम सोडला तर ट्रॅक्टर उडी मारतो, प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटतात, आणि मागं ट्रॉली किंवा नांगर असला तर पुढची चाकं उचलतात. हे शेवटचं फार गंभीर आहे, ट्रॅक्टर मागं पलटायला काही सेकंद पुरतात, म्हणून ओढायचं काहीही कायम खालच्या हुकालाच लावायचं, वर कुठं साखळी बांधायची नाही. आणि फार हळू सोडला तर घासणं लांबतं.

तुम्ही असं करा. मोकळ्या सपाट वावरात, मागं काही न लावता, लो पहिला गिअर, रेस अगदी स्लोवर. पेडल वर येऊ द्या, एका जागी इंजिनचा आवाज किंचित बसतो आणि ट्रॅक्टर थरथरतो, ती जागा पायानं ओळखायला शिका. तिथपर्यंत पटकन यायचं, कारण तिथपर्यंत काहीच पकडलेलं नसतं. त्या जागी एक-दोन सेकंद सावकाश, ट्रॅक्टर हलला की बाकीचं सरळ सोडून पाय बाजूला, फूटरेस्टवर. मनात "एक, दोन" म्हणा आणि पाय काढा. रेस वाढवायची ती क्लच पूर्ण सुटल्यावर.

अजून एक, हळू चालायचं असेल तर क्लचनं हळू करू नका, गिअरनं करा. पेरणीला, खत टाकायला ट्रॅक्टर जोरात जातोय असं वाटलं की बरेच जण पाय क्लचवर ठेवून चाल आवरतात. त्याऐवजी थांबा आणि खालचा गिअर टाका, लो-हायचा लिव्हर त्यासाठीच दिलाय. जास्त भार घेऊन हाय गिअरमध्ये सुरुवात करायची सवय घरातल्या पुरुषांना असेल तर ती तेवढी घेऊ नका.

ट्रॉली घेऊन राहुड घाट उतरताना आमचा मुलगा क्लच दाबून गाडी सोडून देतो, म्हणतो डिझेल वाचतं. यानं क्लचला काही होतं का? (ता. चांदवड)

काका, क्लच राहू द्या बाजूला, आधी मुलाला सांगा की असं पुन्हा करू नकोस. क्लच दाबला की इंजिनचा ब्रेक गेला, मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि ट्रॅक्टरचे ब्रेक एकटे पुरत नाहीत, बऱ्याच ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतात. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडलेले, आणि गिअर वरतीच टाकून घ्यायचा, उतारावर बदलायचा नाही.

क्लचचं विचारलंत तर, खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून उतार सोडला तर चाकं गिअरबॉक्समधून त्या मोकळ्या प्लेटला फिरवायला लागतात, आणि तिचा वेग इंजिनच्या कमाल वेगाच्याही वर जाऊ शकतो. त्या वेगाला लायनिंग रिबेटमधून सुटून तुकडे होऊन उडतं. असा फुटलेला क्लच मी स्वतः खोललाय, आत नुसता भुगा होता.

आम्ही चिखलणीनंतर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा करतो. मागच्या वर्षी दिवाळीत काढला तर क्लच सुटेचना, गिअर पडेना. (ता. इगतपुरी)

प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. तुमच्याकडचा पाऊस, त्यात केज व्हील (चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं) लावून गुडघाभर चिखलात काम, आत पाणी जातं. क्लच हाउसिंगच्या खाली एक छोटं भोक असतं, चिखलणीच्या वेळी त्याला प्लग लावायचा आणि काम झालं की आठवणीनं काढायचा, म्हणजे आत गेलेलं पाणी किंवा झिरपलेलं तेल खाली पडतं. प्लग तसाच राहिला तर पाणी आतच बसतं. प्लग काढल्यावर खाली तेलाचा थेंब दिसला तर ते सील जातंय याची पहिली खूण, तेव्हाच बघून घ्या.

बरेच दिवस उभा ठेवायचा असेल तर काही मॉडेलला पेडल दाबून अडकवायची कडी दिलेली असते, ती लावा. नसेल तर पेडल पूर्ण दाबून लाकडाचा तुकडा अडकवला तरी चालतं. आणि पंधरा दिवसांनी एकदा चालू करून दहा-वीस वेळा क्लच दाबून सोडा. चिकटलेला क्लच सोडवायला गिअरमध्ये टाकून धक्का मारायचे प्रकार घरी करू नका, सुटला की ट्रॅक्टर एकदम पळतो, पुढं माणूस असला तर संपलं. मिस्त्रीला बोलवा.

जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. क्लच कसा तपासू? (ता. येवला)

आधी पेडलचं रबर आणि ढील बघा, वर लिहिलंय तसं. मग क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, करकर वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आवाज दाबल्यावर येतो का तो ऐका. मग मोकळ्या जागी, पुढं-मागं कोणी नाही हे बघून, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, हाय गिअर टाका, रेस थोडी वाढवा आणि क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन चालूच राहिलं आणि ट्रॅक्टर जागेवर, तर प्लेट संपली आहे. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेट पण जळेल. आणि प्लेट गेलेली निघाली तर किमतीतून फक्त प्लेटचे पैसे वजा करू नका, ट्रॅक्टर मधून खोलायची मजुरी, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील आणि लेथचं काम धरूनच भाव बोला.